आधी वाहिनी, मग घर : रामापोचा १८ वर्षांचा आराखडा

भूखंड पाडण्याचा नकाशा नामंजूर होतो तेव्हा त्याची कारणे बहुधा नकाशातच सापडतात. रस्ता अरुंद असतो, एखादा भूखंड किमान क्षेत्रफळात बसत नाही, नाहीतर उताराचे पाणी शेजारच्या आवारात शिरते. न्यूयॉर्क राज्यातल्या रामापो टाउनमध्ये एका जमीनमालकिणीचा नकाशा परत आला, त्याचे कारण मात्र नकाशाच्या बाहेर होते. निवासी विकासासाठी लागणारा विशेष परवाना तुमच्याकडे नाही, असे प्लॅनिंग बोर्डाने सांगितले. तो परवाना हवा तर जमिनीच्या आसपास सांडपाण्याची वाहिनी, पावसाच्या पाण्याचा निचरा, बाग किंवा शाळा, सुधारलेला रस्ता आणि अग्निशमन केंद्र यांची पुरेशी सोय असायला हवी होती. नसेल, तर होईपर्यंत थांबायचे. किती थांबायचे? काही जमिनींच्या बाबतीत १८ वर्षांपर्यंत.

त्यातून उभा राहिलेला ‘गोल्डन विरुद्ध रामापो टाउनचे प्लॅनिंग बोर्ड’ हा खटला १९७२ साली निकाली निघाला आणि नगररचनेच्या अभ्यासात कायमचा जाऊन बसला. तो बहुतेक वेळा विजयकथा म्हणून सांगितला जातो : एका स्थानिक संस्थेने वाढीचे वेळापत्रक बनवले आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. मला हे प्रकरण वेगळ्या कारणासाठी पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटते. घरे कधी व्हावीत, या प्रश्नाला रामापोने फार काळजीपूर्वक उत्तर दिले. घरे किती दाट व्हावीत, या प्रश्नाचे उत्तर आधीच्या झोनिंगने, म्हणजे कोणत्या जागेवर काय आणि किती दाट बांधायचे हे ठरवणाऱ्या नियमांनी, देऊन ठेवले होते आणि ते जवळजवळ तसेच राहू दिले गेले. वाहिन्यांच्या खर्चाचे गणित मात्र या दुसऱ्याच प्रश्नावर उभे असते.

रामापो हे न्यूयॉर्क शहराच्या वायव्येला, रॉकलंड काउंटीत. तिथे ‘टाउन’ म्हणजे एकच सलग गाव नसते. टाउनच्या हद्दीत स्वतःचा कारभार पाहणारी अनेक ‘व्हिलेज’ असतात आणि उरलेला मोठा भाग थेट टाउनच्या अखत्यारीत राहतो. व्हिलेजच्या हद्दीतले झोनिंग व्हिलेज ठरवते, बाहेरचे टाउन. हा फरक किरकोळ वाटेल, पण पुढे त्याचाच मोठा परिणाम झाला.

हडसन नदीवरचा टॅपन झी पूल डिसेंबर १९५५ मध्ये खुला झाला. न्यूयॉर्क स्टेट थ्रूवे आणि पॅलिसेड्स पार्कवे हे महामार्गही त्याच दशकात आले. शहरात नोकरी करून रॉकलंडमध्ये राहणे लोकांना जमू लागले. १९६० च्या जनगणनेत संपूर्ण टाउनची लोकसंख्या ३५ हजारांच्या आसपास होती, १९७० मध्ये ती ७६ हजारांवर गेली. निकालपत्राच्या एका तळटीपेत टाउनच्या थेट अखत्यारीतल्या भागाचे आकडे दिलेले आहेत : १९५० ते १९६० या काळात १३०.८ टक्के वाढ, १९६० ते १९६६ मध्ये आणखी ७८.५ टक्के. वर्षाला सुमारे १,००० घरे उभी राहत होती. असेच चालू राहिले तर १९८५ पर्यंत टाउनची लोकसंख्या १ लाख २० हजारांवर जाईल आणि सर्वाधिक वाढ पश्चिमेकडच्या व उत्तरेकडच्या मोकळ्या पट्ट्यात होईल, असा अंदाज होता.

वर्षाला हजार घरे म्हणजे नेमका कशावर ताण, हे जरा थांबून पाहायला हवे. भूखंड पाडणारा विकासक आपल्या जमिनीतले रस्ते, आतल्या वाहिन्या आणि गटारे बांधतो. ती त्याच्या खर्चात असतात आणि घराच्या किमतीतून वसूल होतात. पण त्याच्या आतल्या वाहिनीला बाहेर जाऊन मिळायला मोठी वाहिनी लागते, तिच्या टोकाला शुद्धीकरण केंद्र लागते. छतांचे आणि रस्त्यांचे पाणी ज्या ओढ्यात जाते, त्याच्या खालच्या अंगाचा पूल ते पाणी पोटात घेण्याएवढा असावा लागतो. मुलांना शाळेत जागा लागते. ही सगळी सोय सार्वजनिक असते, आणि तिची गरज आधी व पैसा मागाहून अशी तिची चाल असते. त्यात विकासक जमीन घेतो ती स्वस्त मिळते तिथे, म्हणजे बहुतेक वेळा वस्तीपासून दूर. मधले माळ रिकामे राहतात आणि मुख्य वाहिनीला ते ओलांडून जावे लागते. त्या मधल्या वाहिनीला जोडायला एकही घर नसते, पण खोदाई, पाइप आणि देखभाल चुकत नाही.

रामापोने यावर एका रात्रीत बंदी घातली नाही, ही त्याची खरी जमेची बाजू. टाउनने केंद्र सरकारच्या मदतीने सर्वंकष आराखडा केला आणि १९६६ मध्ये तो स्वीकारला. निचऱ्याचा, सांडपाण्याचा वेगळा अभ्यास केला. मग ६ वर्षांचे भांडवली अंदाजपत्रक मंजूर केले आणि त्यापुढच्या १२ वर्षांत कोणती सोय कुठे व कोणत्या क्रमाने होईल याचा आराखडा त्याला जोडला. दोन्ही मिळून १८ वर्षे. त्या मुदतीच्या शेवटी, संपूर्ण टाउन पूर्ण वसल्यावर लागणारी सगळी सोय झालेली असेल, असा हिशेब होता. टाउनचे प्रमुख, म्हणजे सुपरवायझर, जॉन मॅकअलिव्ही यांचे प्रशासन आणि नियम तयार करणारे वकील रॉबर्ट फ्रीलिक यांनी या आराखड्याच्या पायावर १९६९ मध्ये झोनिंगच्या नियमात दुरुस्ती आणली. यापुढे निवासी भूखंड पाडायचे तर विशेष परवाना, आणि परवान्यासाठी किमान १५ गुण.

गुण ५ बाबींवर होते. सांडपाण्याची सार्वजनिक वाहिनी उपलब्ध असेल तर ५ गुण, छोटे स्वतंत्र शुद्धीकरण संयंत्र असेल तर ३. पावसाच्या पाण्यासाठी लागणाऱ्या क्षमतेपैकी किती टक्के क्षमता प्रत्यक्षात आहे ते पाहायचे : पूर्ण असेल तर ५, ९० टक्क्यांवर ४, ८० टक्क्यांवर ३, असे उतरत उतरत ५० टक्क्यांच्या खाली शून्य. बाग, मैदान किंवा शाळा पाव मैलाच्या आत असेल तर ५, अर्ध्या मैलात ३, मैलभरात १. पदपथासह सुधारलेल्या मोठ्या रस्त्याला जमीन थेट लागून असेल तर ५, अर्ध्या मैलावर ३, मैलावर १. अग्निशमन केंद्र एका मैलात असेल तर ३, दोन मैलांत १. सगळे मिळून जास्तीत जास्त २३.

एक काल्पनिक जमीन घेऊन हे करून पाहू. मोठा रस्ता दारात आहे, ५. अग्निशमन केंद्र मैलाच्या आत, ३. शाळा अर्ध्या मैलावर, ३. निचऱ्याची क्षमता गरजेच्या ८५ टक्के, ३. सांडपाण्याची वाहिनी नाही, शून्य. बेरीज १४. एका गुणाने परवाना हुकला. आता मालकापुढे वाटा आहेत. ओढ्यावरचा नळमोरीचा पूल रुंद करून निचरा ९० टक्क्यांवर नेला तर तो एक गुण मिळतो. छोटे संयंत्र बसवले तर ३ मिळतात. किंवा भांडवली आराखड्यात त्या भागाची वाहिनी समजा सातव्या वर्षी पूर्ण व्हायची आहे, तर सातव्या वर्षाची तारीख घातलेला परवाना आजच घेऊन ठेवता येतो.

ही शेवटची तरतूद मला सगळ्या नियमातली सर्वांत प्रामाणिक वाटते. आराखड्यात लिहिलेली सोय तिच्या नियोजित तारखेला झालेलीच आहे असे धरून गुण मोजायचे, मग प्रत्यक्षात ती झालेली असो वा नसो. म्हणजे टाउनने वाहिनी वेळेवर टाकली नाही, तर तोटा मालकाच्या माथी येत नाही. त्या तारखेला त्याला घरे बांधण्याचा हक्क मिळतोच. ज्या नियमात थांबणाऱ्याला शेवटची तारीख माहीत असते आणि थांबवणाराही त्या तारखेला बांधलेला असतो, तो नियम ‘सध्या नाही, नंतर पाहू’ या उत्तरापेक्षा कितीतरी वेगळा आहे. ‘नंतर पाहू’ ऐकून वर्षे घालवलेल्या कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

त्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती तेवढीच गंभीर. टाउन मागे पडले, तर हक्क मिळालेला मालक वाहिनीशिवाय घरे उभी करणार. ज्या संकटापासून वाचण्यासाठी हा सारा खटाटोप, ते संकट ठरलेल्या तारखेला कायदेशीरपणे दारात येऊन उभे राहणार. म्हणून या नियमाचा सगळा भार अंदाजपत्रकाच्या शिस्तीवर येतो. झोनिंगचा नियम कागदावर अनेक वर्षे टिकतो, अंदाजपत्रक मात्र दरवर्षी नव्याने मंजूर व्हावे लागते.

थांबावे लागणाऱ्या मालकांसाठी आणखी दोन सवलती होत्या. विकासाचा हक्क काही काळ टाउनला देणाऱ्या मालकाला त्याच्या जमिनीच्या करआकारणीत सूट मिळे. आणि हे बंधन भूखंड पाडून वसाहत उभारण्यावर होते, जमिनीवर स्वतःसाठी एक घर बांधण्यावर नव्हते. न्यायालयात या दोन्ही गोष्टी टाउनच्या कामी आल्या.

खटल्याची वाट सरळ नव्हती. पहिल्या पायरीवर टाउन जिंकले. वरच्या न्यायालयाने, म्हणजे अपेलेट डिव्हिजनने, तो निकाल फिरवून नियम रद्दबातल ठरवला. मग प्रकरण कोर्ट ऑफ अपील्सकडे गेले. (न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे खालचे न्यायालय असते आणि शेवटचा शब्द कोर्ट ऑफ अपील्सचा असतो. पहिल्यांदा वाचणारा इथे हमखास गोंधळतो.) मे १९७२ मध्ये तिथे ५ विरुद्ध २ अशा बहुमताने टाउनचा नियम वैध ठरला. न्यायमूर्ती स्किलेपी यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुढचे अपील फेटाळले.

बहुमताची मांडणी अशी : टाउनला नकाशे नामंजूर करण्याचा अधिकार आहे, आणि वाढ टप्प्याटप्प्याने व्हावी म्हणून तो अधिकार वापरणे कायद्याच्या चौकटीत बसते, जरी ‘वेळ’ हा शब्द त्या कायद्यात लिहिलेला नसला. बंधन कडक आहे, पण त्याला शेवट आहे. जमिनीचा उपयोग कायमचा हिरावला जात नाही, म्हणून ही भरपाईशिवाय केलेली जप्ती ठरत नाही. टाउन आपला आराखडा प्रामाणिकपणे राबवील असे गृहीत धरायला हवे. तो राबवला गेला नाही, तर मालकांना पुन्हा न्यायालयात यायची वाट खुली आहे. आणि एक इशारा, माझ्या मते सगळ्या निकालातला सर्वांत वजनदार : नव्या माणसांना बाहेर ठेवण्यासाठी कोणत्याही नावाखाली केलेला प्रयत्न खपवून घेतला जाणार नाही. हा नियम त्या जातीचा नाही, कारण टाउनने त्यासोबत कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या लोकांसाठी घरांचीही सोय केली आहे, असे न्यायालयाने नोंदवले. ही नोंद पोकळ नव्हती. अशा घरांसाठी टाउनच्या प्रशासनाने स्थानिक विरोध अंगावर घेतला होता.

न्यायमूर्ती ब्राइटेल यांचे विरोधी मत या प्रकरणाच्या थोडक्यात दिलेल्या वर्णनांतून गळून पडते, आणि ते व्हायला नको. त्यांचा मुद्दा दोन अंगांचा होता. एक, एवढा मोठा अधिकार विधिमंडळाने टाउनला दिलेलाच नाही. १८ वर्षे हा जवळजवळ एका पिढीचा काळ आहे. दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. वाढीचा प्रश्न एका टाउनचा नसतो, तो संपूर्ण प्रदेशाचा असतो. एका टाउनने दार अर्धे लोटले की माणसे नाहीशी होत नाहीत, ती शेजारच्या टाउनकडे वळतात. शेजारच्यानेही तेच केले, तर ज्यांना कुठेतरी राहायचेच आहे त्यांच्यासाठी कोणीच जबाबदार उरत नाही. तीनच वर्षांनी, १९७५ मध्ये, शेजारच्या न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने माउंट लॉरेल प्रकरणात ठरवले, की वाढत्या प्रत्येक गावाने प्रदेशाच्या गरजेतला आपला न्याय्य वाटा उचलला पाहिजे. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोर्ट ऑफ अपील्सनेही न्यू कॅसल टाउनच्या प्रकरणात सांगितले, की झोनिंग करताना प्रादेशिक गरज लक्षात घ्यावी लागेल. तोवर ब्राइटेल त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झालेले होते.

आता घनतेकडे येतो.

रामापोच्या नियमातले निवासी पट्टे किमान भूखंडाच्या आकाराने ओळखले जात. आर-१५ म्हणजे १५,००० चौरस फूट, आर-२५, आर-३५, आर-४०, मग आरआर-५०, आणि शेवटी आरआर-८० म्हणजे ८०,००० चौरस फूट, जवळपास पावणेदोन एकरांवर एक घर. गुणपद्धतीने या आकारांना हात लावला नाही. १५ गुण मिळवल्यावरही मालकाला त्या पट्ट्यात बसतील तेवढेच भूखंड पाडता येत होते. सगळी सोय दारात असलेली जमीन दाट वसवायची मुभा मिळत नव्हती, फक्त आधी वसवायची मुभा मिळत होती.

यात वाहिनीचे गणित कसे बिघडते ते साध्या आकड्यांत दिसते. भूखंड चौरस आहे असे समजू. प्रत्यक्षात तो रुंदीपेक्षा खोल असतो, पण तुलनेपुरते हे चालेल. ८०,००० चौरस फुटांच्या भूखंडाची रस्त्याकडची बाजू सुमारे २८३ फूट येते, १५,००० च्या भूखंडाची सुमारे १२२ फूट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना घरे धरली तर एका घराच्या वाट्याला वाहिनी येते अनुक्रमे १४१ फूट आणि ६१ फूट. म्हणजे मोठ्या भूखंडावरच्या घरामागे सव्वादोनपट पाइप, तेवढीच जास्त खोदाई, तेवढाच जास्त रस्ता, आणि पिण्याच्या पाण्याच्या नळाचीही तीच गत.

घरे कमी म्हणून पाइप बारीक वापरता येईल, असेही होत नाही. अमेरिकेत सार्वजनिक मलवाहिनीचा व्यास साधारणपणे किमान ८ इंच ठेवतात, मग तिच्यावर १० घरे असोत वा १००. अशा वाहिनीवर दर ४०० फुटांना तपासणीसाठी मॅनहोल लागते. आर-१५ पट्ट्यात दोन मॅनहोलांच्या मध्ये साडेसहा घरे येतात, आरआर-८० मध्ये तीनही पुरती येत नाहीत. मैला आपल्या वजनाने वाहावा म्हणून ८ इंची वाहिनीला १०० फुटांमागे किमान ०.४ फूट उतार देतात. मैलभर वाहिनी गेली की ती २१ फूट खाली उतरलेली असते. जमीन त्याच दिशेने उतरत नसेल, तर वाहिनी खोल खोल जात राहते आणि शेवटी पंपिंग स्टेशन बांधावे लागते. पंपाला वीज लागते, माणूस लागतो, आणि तो खर्च कायमचा. विरळ वस्तीत हा मैल लवकर येतो, आणि त्याच्यावरची घरे थोडी असतात.

म्हणून फार मोठ्या भूखंडांवर वाहिनीऐवजी सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्यांचे क्षेत्र हाच व्यवहार्य मार्ग उरतो. रामापोच्या नियमालाही हे मान्य होते. आरआर-८० पट्ट्यात काउंटीने मान्य केलेल्या सेप्टिक व्यवस्थेला गुण होते, इतर पट्ट्यांत सेप्टिकला काहीच नव्हते. या एका ओळीत घनता आणि वाहिनी यांचे नाते नियमानेच कबूल केलेले दिसते. पुरेसे विरळ राहा, मग वाहिनी लागणार नाही. प्रश्न एवढाच, की तसे राहणे कोणाला परवडते. पावणेदोन एकर जमीन विकत घेणे हीच तिथे घर मिळवण्याची पहिली अट होते. न्यायालयाने जो इशारा दिला होता, तो गुणपद्धतीपेक्षा या भूखंडाच्या आकारालाच जास्त लागू पडत होता. खटला मात्र वेळापत्रकावर होता, आकारावर नव्हता.

मला विचाराल तर दुरुस्ती फार अवघड नव्हती. गुण वाढतील तशी परवानगीची घनता वाढवता आली असती. २३ पैकी २३ गुण असलेल्या जमिनीवर, जिथे वाहिनी, शाळा, रस्ता, केंद्र सगळे आधीच पैसे घालून उभे आहे, तिथे १५,००० चौरस फुटांचा आग्रह धरणे म्हणजे खर्च झालेल्या सोयीचा अर्धा उपयोग सोडून देणे. तिथे जोडघरे, लहान इमारती आल्या असत्या तर त्याच पाइपावर जास्त घरे बसली असती आणि दूरच्या पट्ट्यावरचा रेटा आपोआप कमी झाला असता. हे मागे वळून सांगणे सोपे आहे हे मला माहीत आहे. पण वाहिनी कुठे आहे हे इतक्या बारकाईने मोजणाऱ्या टाउनने ती वाहिनी किती घरांनी वापरावी हे मोजले नाही, याची खंत वाटतेच.

आणखी एक गुंता. ज्या ५ सोयींवर गुण होते, त्या सगळ्या टाउनच्या हातात नव्हत्या. मलनिस्सारणात काउंटीचा वाटा होता, रस्त्यांपैकी काही काउंटीचे आणि काही राज्याचे, शाळा स्वतंत्र शालेय मंडळांच्या, अग्निशमन स्वतंत्र जिल्ह्यांचे. टाउन दुसऱ्याच्या कामाच्या आधारावर आपल्या मालकांना तारखा देत होते. अशी तारीख देणाऱ्याने सगळ्या संस्थांना एका टेबलावर बसवून त्यांच्याकडूनही सही घ्यायला हवी, नाहीतर एकाच्या दिरंगाईचे उत्तर दुसऱ्याला द्यावे लागते.

वाहिनी पूर्णपणे स्थानिक संस्थेच्या हातात असली तर प्रश्न सुटतो, असेही नाही. कोलोराडो राज्यातल्या बोल्डर शहराने तोच प्रयोग उलट्या बाजूने केला. बोल्डरच्या मतदारांनी १९५९ मध्येच ठरवले होते, की ५,७५० फूट उंचीच्या वर शहराचे पाणी द्यायचे नाही, म्हणजे डोंगरउतार मोकळे राहतील. पुढे शहराच्या हद्दीबाहेर, गनबॅरल हिल भागात सुमारे ७९ एकरांवर भूखंड पाडायची मागणी आली तेव्हा शहराने पाणी आणि मलवाहिनीची जोडणी नाकारली. या नकाराचे कारण पाण्याचा तुटवडा हे नव्हते. तिथली वाढ शहराच्या आराखड्याशी जुळत नव्हती. कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ते नाकारणे अवैध ठरवले. त्या भागात शहर एकमेव पुरवठादार म्हणून काम करत होते, म्हणून त्याने सार्वजनिक सेवेच्या नियमाने वागायला हवे आणि जोडणी नाकारायची तर पुरवठ्याशी संबंधित कारण द्यायला हवे, असे न्यायालय म्हणाले. त्याच न्यायालयाने १९८६ मध्ये डेन्व्हरच्या पाणीपुरवठ्याच्या प्रकरणात ही भूमिका काही अंशी मागे घेतली. रामापो आणि बोल्डर शेजारी ठेवले की एक गोष्ट लख्ख दिसते. रामापोने नकाशाच्या परवानगीवर हात ठेवला आणि वाहिनीची तारीख स्वतः जाहीर केली. बोल्डरने वाहिनीची चावी हातात ठेवली आणि हद्दीबाहेरच्या मालकांना कोणतीही तारीख दिली नाही. पहिला मार्ग टिकला, दुसरा त्या खटल्यात टिकला नाही. वाढ रोखणे कोणाला जास्त जमले यापेक्षा, ज्याला थांबवले त्याला काय सांगितले, हा फरक मला निर्णायक वाटतो.

रामापोची गुणपद्धत १९८३ मध्ये टाउननेच मागे घेतली. ठरलेली १८ वर्षे पुरी व्हायच्या आत. वाढ मंदावली होती. १९८० च्या जनगणनेत टाउनची लोकसंख्या सुमारे ८९ हजार भरली, म्हणजे १९८५ साठी धरलेल्या १ लाख २० हजारांपासून फार दूर. गुण गेले, पण मोठ्या भूखंडांचे पट्टे त्यांच्यासोबत गेले नाहीत.

त्याच सुमारास टाउनच्या अखत्यारीतला भाग तुकड्या-तुकड्याने सुटू लागला. वेस्ली हिल्स १९८२ मध्ये, न्यू हेम्पस्टेड १९८३ मध्ये, चेस्टनट रिज आणि मॉन्टेबेलो १९८६ मध्ये स्वतंत्र व्हिलेज झाले. प्रत्येक नव्या व्हिलेजसोबत त्या जागेचे झोनिंग टाउनच्या हातातून निघून तिथल्या रहिवाशांच्या हाती गेले. १९९१ मध्ये एअरमाँट व्हिलेज बनले, आणि सनातनी ज्यू कुटुंबांना बाहेर ठेवण्यासाठी झोनिंगचा वापर केल्याचा आरोप त्याच्यावर आला. ज्युरीने व्हिलेजला जबाबदार धरले, खालच्या न्यायाधीशाने तो निर्णय बाजूला सारला, आणि १९९५ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने ज्युरीचा निर्णय पुन्हा लागू केला. ज्या टाउनच्या निकालपत्रात नव्या माणसांना बाहेर ठेवण्याविरुद्ध इशारा लिहिला गेला, त्याच टाउनच्या पोटातल्या एका व्हिलेजवर तेवीस वर्षांनी हे सिद्ध झाले.

लोकसंख्या वाढायची थांबली नव्हतीच. १ लाख २० हजारांचा टप्पा २०१० च्या जनगणनेत ओलांडलेला दिसला, अंदाजापेक्षा पाव शतक उशिरा आणि कोणतीही गुणपद्धत नसताना. २०२० मध्ये संख्या १ लाख ४९ हजारांच्या घरात होती. यातले बरेच लोक पश्चिमेच्या विरळ पट्ट्यात गेले नाहीत. ते स्प्रिंग व्हॅली, मन्सी, न्यू स्क्वेअर आणि कासर या आधीच वसलेल्या, दाट भागांत राहतात.